मी गोलमध्ये उभी राहिले नाही

मला राग उशिरा येतो, आणि आला की मुक्कामालाच राहतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आलेला राग अजून गेलेला नाही. कमी झालाय असं वाटतं, तेवढ्यात ग्राउंडवर आमचे सर दिसतात आणि कानशिलं पुन्हा तापतात.

कन्नडला बारावी झाल्यावर मी संभाजीनगरला शिकायला आले आणि सिडकोत मावशीकडं राहायला लागले. शाळेत सहा वर्षं कबड्डी खेळले होते. कोपऱ्यात दबा धरून उभं राहायचं आणि चढाईला आलेलीचा घोटा धरायचा, हे माझं काम. अंगानं मी थोराड, पण पाय चपळ. कॉलेजात गेल्या गेल्या क्रीडाशिक्षकांना भेटले, तर ते म्हणाले की कबड्डीची टीम भरली, तू लॅक्रॉसला ये. मला वाटलं हे एखाद्या आजाराचं नाव असावं.

सर कंत्राटी होते. हा खेळ ते आठ दिवसांच्या एका शिबिरात शिकून आले होते, आणि उरलेला मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकत होते. हे त्यांनी आमच्यापासून लपवलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी हातात स्टिक दिली. लांब दांडा, टोकाला त्रिकोणी चौकट आणि चौकटीत दोऱ्यांची जाळी. बॉल टेनिसच्या बॉलएवढा, पण भरीव रबराचा. मुठीत धरला की दगड धरल्यासारखा जड लागायचा.

कबड्डीत माझे हात माझे होते. इथं हाताला अडीच-तीन फुटांचा दांडा चिकटवला आणि सगळं अंग परकं झालं. जमिनीवरचा बॉल उचलायला गेले की जाळी मातीत रुतायची आणि दांडा पोटात बसायचा. उचलला तर पळताना पडायचा. सर सांगायचे, पाळणा हलवल्यासारखं मनगट हलवत पळ, म्हणजे बॉल जाळीत बसून राहील. मी हलवायचे आणि बॉल माझ्याच पायावर यायचा. इतर पोरी हसायच्या. मला त्यांचा राग येत नव्हता, माझ्या मनगटाचा यायचा. पंधरा दिवस मी मावशीच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर बॉल मारत होते आणि परत झेलत होते. शेजारच्या काकूंनी तक्रार केली. त्यांचं म्हणणं रास्तच होतं, त्यांच्या देवघराची भिंत होती ती. मग मी पाण्याच्या टाकीची भिंत धरली. महिन्याभरात शंभरातले ऐंशी झेल बसायला लागले, उजव्या हातानं आणि डाव्या हातानंही.

दातांत धरायची रबरी पट्टी आली तेव्हा ती उकळत्या पाण्यात टाकून, मऊ झाली की चावून आपल्या दातांचा साचा करायचा असतो, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी मावशीच्या चहाच्या पातेल्यात उकळली. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती शेजारी उभी राहून म्हणाली, दातांसाठी एवढं करतात, मग बाकीच्या अंगाचं काय? मी सांगितलं, पोरींच्या खेळात अंगाला धक्का मारायला बंदी आहे. डोळ्यांना जाळीचा चष्मा आणि दातांना पट्टी, एवढंच लागतं. फक्त गोलकीपरला सगळं लागतं. हेल्मेट, हेल्मेटला खाली लोंबणारी गळ्याची पट्टी, छातीचं कवच, जाड हातमोजे.

आणि मग दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एके दिवशी सरांनी जागा वाटल्या.

आम्ही सहा-सहाचा खेळ खेळत होतो. पाच पोरी मैदानभर पळणार, पुढं जाऊन गोलही मारणार आणि मागं येऊन अडवणारही, आणि सहावी गोलमध्ये. मला पळायचं होतं. मध्यभागी दोन पोरी समोरासमोर उभ्या राहून बॉलसाठी झटापट करतात, ती जागा मला हवी होती, कारण ती कबड्डीच्या सगळ्यात जवळची होती. सरांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू गोलमध्ये. तू उभी राहिलीस तरी निम्मा गोल झाकला जातो."

सगळ्या हसल्या. सरही हसले. त्यांना वाटलं त्यांनी माझं कौतुक केलं. मी टाकीच्या भिंतीवर घालवलेले सगळे दिवस त्या एका वाक्यात गेले. घरी जाऊन मी मावशीला सांगितलं की उद्यापासून जाणार नाही. मावशीनं समजूतबिमजूत घातली नाही. तिनं विचारलं, गोलमध्ये कोण चांगलं उभं राहतं ते तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. मी गेले.

गोल शिकणं हे रागानं शिकणं होतं. बॉल तुमच्याकडं येतो तेव्हा सगळं अंग मागं सरतं आणि डोळे आपोआप मिटतात. तिथं नेमकं उलटं करायचं असतं. डोळे उघडे ठेवायचे आणि एक पाऊल पुढं टाकून बॉलला सामोरं जायचं. माझे हात, मांड्या, पिंढऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. पण दोन महिन्यांनी मला एक गोष्ट कळली, ती सरांच्या व्हिडिओत नव्हती. गोलमधून सगळं मैदान दिसतं. पुढं पळणाऱ्या पोरींना पाठीमागचं दिसत नाही, मला दिसतं. मी ओरडून सांगायला लागले, बॉल डावीकडं, बॉल मागं, तुझ्या मागून येतेय, सोड तिला. कबड्डीत मी सहा वर्षं तोंड मिटून उभी होते. इथं माझ्या आवाजावर पाच पोरी हलत होत्या. सरांनी मला कॅप्टन केलं. त्यांच्यावरचा राग गेला नव्हता, पण कामात असल्यानं मागं पडला होता.

त्याच सुमाराला पहिल्या वर्षाची एक पोरगी माझ्या हाताखाली राखीव गोलकीपर म्हणून आली. शहागंजमध्ये तिच्या अब्बांचं दोऱ्या-सुतळ्यांचं दुकान होतं. बारीक, उंच, हात लांब. मला दीदी म्हणायची आणि मी सांगितलेलं वहीत लिहून घ्यायची. माझ्या स्टिकची जाळी तुटली तेव्हा तीच मला दुकानात घेऊन गेली. अशी जाळी शहरात कुठं मिळत नव्हती. तिच्या अब्बांनी स्टिक उलटीसुलटी करून बघितली, शाबूत बाजूच्या गाठी मोजल्या आणि नायलॉनची दोरी घेऊन दुकानाच्या पायरीवरच विणायला बसले. अर्ध्या तासात जाळी तयार. मला त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "हमारी बच्ची को अच्छा सिखाओ बेटा." मी हो म्हणाले.

आमच्या कॉलेजात गोलकीपरचा सेट एकच होता. मुलांच्या मापाचा. हेल्मेट माझ्या डोक्यावर डुगडुगायचं, म्हणून मी आत रुमाल बांधायचे. मुलांचा सराव सकाळी, आमचा संध्याकाळी, त्यामुळं भागत होतं. फेब्रुवारीत मुलांची टीम स्पर्धेला बाहेरगावी गेली आणि सेट घेऊन गेली. त्याच आठवड्यात आमची दुसऱ्या एका कॉलेजशी सरावाची मॅच ठरलेली होती. निवड समितीतलं कुणीतरी बघायला येणार, असं सरांनी सांगितलं होतं.

मॅचच्या दिवशी सरांनी क्रिकेटचं सामान आणलं. पॅड, हातमोजे आणि फलंदाजाचं हेल्मेट. मी हेल्मेट हातात घेऊन बघितलं. तोंडासमोर जाळी होती, गळ्याखाली काही नव्हतं. छातीला तर काहीच नव्हतं.

मी सरांना म्हणाले, "सर, गळ्याला पट्टी नाही. मी उभी राहणार नाही."

सर म्हणाले, एका दिवसाचा प्रश्न आहे, रबराचा बॉल आहे, समोरच्या पोरी काय तोफा डागणार आहेत का. मी पुन्हा नाही म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. एवढी भीती वाटत असेल तर कॅप्टन कशाला झालीस, असं ते म्हणाले. मी हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि कडेला बाकावर जाऊन बसले. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं होतं.

सरांनी राखीव पोरीला बोलावलं. तिनं हेल्मेट घेतलं. पट्टा आवळताना तिनं माझ्याकडं बघितलं. मला ते बघणं अजून नीट आठवतं, कारण मी तेव्हा मान वळवली. माझ्या रागात मी इतकी गुंग होते की मला वाटलं, ही पण सरांच्याच बाजूची निघाली. मी उठून तिला सांगू शकले असते की तू पण उभी राहू नकोस. दहा पावलांचं अंतर होतं. मी उठले नाही.

पहिली दहा मिनिटं तिनं चांगलं अडवलं. मी बाकावरून मनातल्या मनात तिला जागा सांगत होते, मोठ्यानं नाही. मग समोरच्या एका पोरीनं आमच्या दोघींना चकवलं आणि गोलभोवतीच्या वर्तुळापाशी येऊन पूर्ण ताकदीनं मारला. शहागंजची पोरगी शिकवल्याप्रमाणे एक पाऊल पुढं आली. डोळे उघडे होते तिचे. बॉल हेल्मेटच्या जाळीखालून गळ्यावर बसला.

ती ओरडली नाही. ओरडता येत नव्हतं. गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात गळ्याशी, आणि श्वास घेताना घशातून कुंईकुंई आवाज यायला लागला. मी पळत गेले. सर पाण्याची बाटली घेऊन आले आणि तिच्या तोंडाला लावायला लागले. मी ती बाटली त्यांच्या हातातून हिसकावली. मावशीच्या तोंडून ऐकलेलं होतं, असा श्वास चालला असेल तर घशात काही घालायचं नाही. रिक्षात घालून आम्ही तिला मावशीच्या दवाखान्यात नेलं. मी तिला टेकवून धरलं होतं. तिचं सगळं अंग तापलं होतं आणि ती माझ्या मनगटात नखं रुतवत होती.

तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. श्वासनलिकेला मार बसला होता, वरची सूज उतरेपर्यंत डॉक्टर लक्ष ठेवून होते. ऑपरेशन लागलं नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे बोलायचं नाही असं सांगितलं.

पहिल्या दिवशी तिचे अब्बा दुकान बंद करून आले. मला बघून त्यांनी आधी डोक्यावरून हात फिरवला, तू आणलंस म्हणून बरं झालं असं म्हणाले. नंतर अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गोल में तो तुम खड़े रहते थे ना बेटा. आज तुम कायकू नहीं थे?"

मी खरं सांगितलं. गळ्याची पट्टी नव्हती म्हणून मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "अच्छा." त्यांनी मला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ते उठून लेकीच्या खाटेपाशी गेले आणि तिची चादर नीट करत बसले. मी जिन्यात येऊन बसले. मावशी आली. तिला मी म्हणाले की सगळी चूक सरांची आहे. मावशी म्हणाली, व्हय, सरांचीच आहे. मग म्हणाली, "पण तू फक्त तुझा गळा वाचवलास."

मावशीवर मी चार दिवस चिडून होते. तिच्या हातचं जेवले नाही, म्हणजे जेवले, पण बोलले नाही.

पाचव्या दिवशी सरांनी आम्हाला सगळ्यांना क्रीडा विभागात बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की सुरक्षेचं सगळं साहित्य उपलब्ध होतं, परंतु खेळाडूनं स्वतःच्या इच्छेनं ते वापरलं नाही. खाली टीमनं सह्या करायच्या होत्या. सर म्हणाले की ही फक्त औपचारिकता आहे, नाहीतर कॉलेज हा खेळच बंद करेल आणि तुमचं सगळ्यांचं नुकसान होईल. त्यांचा चेहरा ओढलेला होता. त्यांचं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं, हे आम्हाला माहीत होतं. त्यांना दोन लहान मुलं आहेत हेही माहीत होतं. चार पोरींनी सह्या केल्या. त्यांच्यावर मी रागावले नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. पण मी रागावले.

कागद माझ्यापुढं आला. मला तो फाडायचा होता. हातही गेला होता. पण फाडला असता तर त्यांनी दुसरा काढला असता. मी पेन घेतलं आणि टाईप केलेल्या मजकुराखाली, सह्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत, माझ्या अक्षरात लिहिलं: गोलकीपरचा सेट मुलांच्या टीमसोबत बाहेरगावी गेला होता. क्रिकेटच्या हेल्मेटला गळ्याची पट्टी नव्हती. याच कारणानं मी गोलमध्ये उभी राहिले नाही. ती उभी राहिली तेव्हा मी तिला थांबवलं नाही. आणि खाली सही केली.

सरांनी वाचलं. त्यांचे ओठ पांढरे पडले. ते म्हणाले, "तू माझी नोकरी घालवणार."

मी म्हणाले, "सर, तिचा आवाज परत येईल की नाही ते अजून डॉक्टर सांगत नाहीत."

मी कागदाचा मोबाईलवर फोटो काढला, कागद त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि तशीच प्राचार्यांकडं गेले. प्राचार्यांनी तासभर बाहेर बसवून ठेवलं. आत घेतल्यावर फोटो दोनदा मोठा करून वाचला. मग मला विचारलं की शेवटचं वाक्य कशाला लिहिलंस, त्यानं तुझीच बाजू लंगडी पडते. मी म्हणाले, ते पण खरं आहे म्हणून.

काय झालं ते सांगते. फार मोठं काही झालं नाही. प्राचार्यांनी दवाखान्याचा खर्च कॉलेजकडून करवला आणि पोरींसाठी वेगळा सेट मागवला, गळ्याच्या पट्टीसकट. सरांना समज दिली, असं ऐकलं. मार्चमध्ये त्यांचं कंत्राट पुन्हा वाढलं, कारण शहरात हा खेळ शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. माझं कॅप्टनपद काढून घेतलं, कारण सांगितलं नाही. सरांनी त्या पोरीची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. माझ्यासमोर मागितली नाही. सर समोरून आले की मी आजही रस्ता बदलत नाही. ते बदलतात.

ती पोरगी जूनमध्ये परत आली. आवाज परत आला होता, पण पूर्वीचा नव्हता, खरखरीत झाला होता. मला वाटलं होतं ती येणारच नाही. तिनं सरांना सांगितलं की मी गोलमध्ये कधीच उभी राहणार नाही, मी पुढं खेळणार. आणि ती पुढं खेळायला लागली. माझ्याशी बोलत नव्हती. दीदी तर सोडाच. मी पहिल्या दिवशी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले की मी तुला थांबवायला हवं होतं, माझं चुकलं. तिनं बुटाची नाडी बांधत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मैं ने देखा था आपकी तरफ." आणि उठून गेली.

त्यानंतर सरावात रोज एक गोष्ट व्हायची. शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्या जणी आळीपाळीनं गोलवर मारायच्या. तिची पाळी आली की ती जवळ यायची, सगळ्यांपेक्षा जवळ, आणि सगळी ताकद लावून मारायची. नव्या कवचातूनही छातीला झिणझिण्या यायच्या. इतर पोरी बघायच्या. तिचे हात लांब, मनगट माझ्यापेक्षा कितीतरी मोकळं. तिला पहिल्यापासून पुढंच खेळवायला हवं होतं. हे सरांना दिसलं नाही, आणि तिला शिकवताना मलाही दिसलं नाही.

मला तिचा राग यायचा नाही असं नाही. यायचा. मी माफी मागितली, कागदावर लिहून दिलं, कॅप्टनपद गेलं, अजून काय पाहिजे हिला, असं वाटायचं. मग पुढचा बॉल यायचा आणि विचार करायला वेळ उरायचा नाही. मी तिचे बॉल अडवायचे. काही अडायचे, काही जायचे. मी एकदाही तिला हळू मार म्हणाले नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तिनं ओळीनं पाच मारले आणि पाचही माझ्या उजव्या खांद्यावरून जाळ्यात गेले. सहाव्यासाठी तिनं स्टिक उचलली, मग खाली घेतली. माझ्याकडं बघून खरखरीत आवाजात म्हणाली, "तुमचा उजवा हात खाली पडतोय. वर धरा."

मी हात वर धरला. तिनं सहावा डावीकडं खाली मारला आणि तोही गेला.